केसरीनाथाचा मुका फ्लॅश

शेलार गावचा केसरीनाथ फोटोग्राफर बेताचा, ऐट मात्र मंत्र्याची. त्याचा जुना फ्लॅश भरायला लागला की कुंईंऽऽ करून रडायचा. रडणं थांबलं की केसरीनाथ ओरडायचा, "हसा!" आणि खटका दाबायचा. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे कुंईं ऐकली की नवरदेव पोट आत घ्यायचा, करवल्या पदर सारखे करायच्या आणि हौसाआत्या डोळे गच्च मिटून घ्यायची.

हौसाआत्या दिघाशीची धवलारीण. आगऱ्यांच्या मांडवात धवले गाऊन लग्न लावणारी, भल्याभल्या व्याह्यांना गप्प बसवणारी बाई. पण फ्लॅशच्या उजेडाला भ्यायची. गावातल्या प्रत्येक अल्बमात ती होती, आणि सगळीकडे झोपलेली.

"केसरी, मी मेल्याव भितीव लावाला येक तरी फोटो दे," ती म्हणायची. "डोले मिटलेला लावला तं लोकं म्हनतील, मेल्यावच काढलाय."

केसरीनाथाला हे फार लागायचं. म्हातारी आता थकत चालली होती, आणि त्याच्याकडे तिचा एक धड फोटो नव्हता.

दोन हजार चारच्या लग्नसराईत जुना फ्लॅश धूर सोडून मेला. भिवंडीतल्या भावेशच्या दुकानातून त्याने नवा आणला.

"काका, याच्यात आयसी आहे," भावेश म्हणाला. "गुपचूप चार्ज होतो, भरला की आपला आपण थांबतो. मागे लाल दिवा लागला की मारायचा."

केसरीनाथाने जोरात मान हलवली. म्हणजे ऐकलं काहीच नव्हतं.

दिघाशीच्या पुढच्याच लग्नात हौसाआत्या धवला गात होती, नवरानवरी हार धरून उभी. केसरीनाथाने फ्लॅश चालू केला आणि कुंईंची वाट बघू लागला. कुठली कुंईं! त्याने फ्लॅश हलवला, थापटला. शेवटी कॅमेराच कानाला लावला, डॉक्टर छाती ऐकतो तसा. मागे दिवा लालभडक पेटलेला. पण इतक्या वर्षांचा कान सोडून दिव्यावर विश्वास ठेवायला तो काय खुळा होता?

हार धरून हात अवघडले. हौसाआत्याने धवला तोडला आणि बोट रोखून पुढे आली.

"आरं मुडद्या, फोटो काढतस का फोन करतस?"

केसरीनाथ दचकला, बोट खटक्यावर पडलं, आणि लख्खकन उजेड!

फोटो धुऊन आला. तिरका, अर्ध्यात मांडवाचा खांब, आणि मधोमध हौसाआत्या: तोंड वासलेलं, बोट रोखलेलं, डोळे टक्क उघडे. कुंईं झालीच नव्हती, मग बाई डोळे मिटणार कधी? केसरीनाथाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. फोटो द्यायला गेला तो दारातच थांबला, पळायला सोपं म्हणून.

म्हातारीने फोटो उजेडात धरून बघितला. "हीच मी," म्हणाली. "मोठा कर."

सून कमळ चाचरली, "आत्या, जरा हसरा काढू की."

"हसून काय करू? मी मेल्याव तुमाना कोनतरी वरडाला पायजे ना?"

त्याच आठवड्यात गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या केसरीनाथाकडे आल्या. हौसासारखाच पाहिजे म्हणाल्या.

"सारखा म्हंजे कसा?"

"तू चुका कर. बोलाचं आमी बगतो."