पंचाची सही

पन्नाशीत मी कायदा शिकतोय. काल सरांनी पडद्यावर दाखवलं, की जप्ती पंचांच्या डोळ्यांसमोर व्हावी, तिचं चित्रीकरणही व्हावं. आज चौकात एक हवालदार एका तरुणाच्या मोबाइलमधले फोटो अंगठ्याने सरकवत होता. मला म्हणाला, “काका, पंच म्हणून सही करा.”

“फोन माझ्यासमोर कुठे घेतलात?”

“मग आता बघा की!”

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ‘आई’ होतं. तरुणाने हात पुढे केला, हवालदाराने कॉल कट केला.

मी सही केली नाही. शेजारच्या पानवाल्याने चुन्याची बोटं पुसून, न वाचता केली. वर्गातल्या पंचाला डोळे असतात, इथे नुसता हात पुरतो. माझ्या नकाराने तरुणाचं काहीच वाचलं नाही. त्याला गाडीत बसवलं. गाडी हलली, तेव्हा हवालदाराच्या खिशात फोन पुन्हा वाजत होता.