सोनकांबळे मॅडमची फिकीर

सोनकांबळे मॅडम बोलता बोलता मधेच उठायच्या आणि पंखा बंद करायच्या. भादव्याचा उकाडा असो, खोलीभर माणसं घाम पुसत बसलेली असोत, त्यांना फरक पडायचा नाही. पंखा थांबला की मान तिरकी करून ऐकायच्या. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजतोय का, एवढंच. वाजत नसला तर "हं, बोला पुढं" म्हणून पंखा पुन्हा चालू. वाजत असला तर मात्र बैठक संपेपर्यंत त्या कुणाचं काही ऐकत आहेत असं वाटायचं नाही.

त्या बिलोली तालुक्यात मंडळ कृषी अधिकारी होत्या आणि मी तिथल्याच एका मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. आमची ओळख झाली ती एका सरकारी बैठकीत. नवं धोरण समजावून सांगायला जिल्ह्याहून साहेब आले होते. ते सांगत होते, सगळीकडे नुसतं सोयाबीन झालंय, जमिनी खतांवर तगून आहेत, आणि शेतकरी स्वतः खायचं धान्य दुकानातून आणतो. तेव्हा शेतकऱ्यांनी गट करून ज्वारी, तूर, मूग घ्यायचा, रासायनिक खतं-औषधं कमी करत न्यायची आणि पिकलेलं धान्य जवळच्या वसतिगृहांनी विकत घ्यायचं. प्रयोग म्हणून पहिली निवड आमच्या वसतिगृहाची झाली होती. टाळ्या वाजल्या. त्या थांबायच्या आत मागच्या रांगेतून एक उंच, सडपातळ बाई उभ्या राहिल्या.

"सर, नाही पिकलं तर?"

"मॅडम, सुरुवातच अशी करायची का?" साहेब हसून म्हणाले.

"नंतर कोण ऐकतंय, सर? नाही पिकलं तर शेतकऱ्याचं काय, आणि त्या पोरी काय खातील?"

त्याचा विचार पुढच्या टप्प्यात होईल, असं उत्तर मिळालं. बैठकीत माझ्या मुलींचं नाव घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. चहाच्या वेळी मीच त्यांना शोधत गेले. त्यांनी ओळखपाळख काही केली नाही. "ताई, पोरी भाकरी खातात का?" असं थेट विचारलं. मी म्हटलं, पोळी असेल त्या दिवशी भाकरीकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "मग त्याची बी फिकीर आली," त्या म्हणाल्या.

फिकीर हा त्यांचा शब्द. कार्यालयातले लोक त्यावरून त्यांची चेष्टा करायचे. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "फिकीर ही बी जिम्मेदारीच असती, ताई. सगळ्यांनी सोडली की एकाच्याच डोक्यावर येऊन बसती. माझं डोकं सापडलंय तिला."

पुढच्या आठवड्यात त्या वसतिगृहात आल्या आणि मुलींच्या पंगतीत बसल्या. त्या दिवशी मुद्दाम भाकरी केली होती. एका मुलीनं ताट पुढे सरकवलं. "मॅडम, घरी बी हेच अन् इथं बी हेच. मग शिकून उपयोग काय?" सगळ्याजणी खो खो हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "गार झालीय गं. गार भाकरी मला बी जात न्हाई." जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ स्वयंपाकीणबाईंशी बोलत बसल्या. तेव्हापासून आमच्याकडे भाकरी आधी थापून ठेवायची पद्धत गेली. मुली थोड्या थोड्या करून जेवायला बसू लागल्या, आणि तव्यावरची भाकरी सरळ ताटात पडू लागली. कुरकुर थांबली नाही, पण ताटं रिकामी व्हायला लागली.

ज्या गावात गट करायचा होता तिथल्या बैठकीला त्या मलाही घेऊन गेल्या. धान्य कोण खाणार ते शेतकऱ्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या वऱ्हांड्यात लोक जमले होते. मॅडमनी सुरुवात केली ती अशी : "पहिली दोन वर्षं उतारा घटणार. तण वाढणार. दाणा भरताना पाऊस लागला तर ज्वारी हातची जाऊ शकते."

माधवराव म्हणून गावात वजन असलेले शेतकरी होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही योजना द्यायला आलाव का काढून घ्यायला?"

"द्यायला आलेय. म्हणून तर सांगून राहिले. एकरभरच करा. बाकीचं सोयाबीन राहू द्या."

खरं तर वरून सबंध गाव घ्यायला सांगितलं होतं. मॅडमनी मोजकेच शेतकरी आणि तेही थोडक्या रानापुरते घेतले, म्हणून त्यांना बोलणी खावी लागली. पण माधवराव तयार झाले ते त्या एका एकरामुळेच. ते तयार झाले म्हणून इतर झाले.

पीक चांगलं आलं. मूग निघाला. ज्वारीची कणसं भरली. आणि काढणी तोंडावर आली असताना पाऊस लागला. दिवसामागून दिवस तो थांबेचना. मॅडमचे मला फोन येऊ लागले. "जयभीम, ताई. तिकडं उघडलंय का?" शेत त्यांच्यापासून जवळ आणि माझ्यापासून लांब, तरी विचारायच्या. मी काय सांगणार? खिडकीतून आभाळ बघायचं आणि "थोडं उघडल्यासारखं वाटतंय" म्हणायचं. हळूहळू मलाही घास गोड लागेना. जेवणाच्या घंटेला मुली ताटं वाजवत यायच्या आणि मी पुन्हा खिडकीशी जाऊन आभाळ बघायची.

पाऊस ओसरल्यावर आम्ही माधवरावांच्या रानात गेलो. चिखलातून चपला हातात घेऊन चालत होतो. मॅडमनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं. तळहात बुरशीनं काळा झाला. दुसरं चोळलं. तेही तसंच. माधवराव बांधावर उभे होते.

जिल्ह्याचे साहेब वसतिगृहावर आले. प्रयोग फसला असं कळवायची त्यांची तयारी नव्हती. म्हणाले, "जरा घासून, पॉलिश करून घ्या. दळल्यावर कोणाला कळतंय?"

मॅडम खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कळतं, सर. माझी आई मजुरीत ज्वारी आणायची. चांगली मालकाच्या घरात जायची, काळी आमच्या पदरात पडायची. कडू लागती ती. खाल्ली की पोट दुखायचं, अन् तरी खायचो. या पोरींच्या ताटात मी ती वाढू देणार न्हाई."

"मग शेतकऱ्यांना तुम्हीच तोंड दाखवा."

"दाखवते."

साहेब गेल्यावर मी चहा पुढे केला. कप त्यांनी तसाच खाली ठेवला. "ताई, माधवरावांना काय सांगू हो मी?" त्या म्हणाल्या.

गावात त्यांनी जे होतं ते सांगितलं. माधवराव भडकले. "आमाला नादाला तुम्ही लावलं, अन् आता तुम्हीच माल परत करून राहिल्या?"

"हाव. परत करून राहिले."

"मग आलाव कशाला?"

"मुगाचं रान मोकळं हाय. रान सुकून वाफसा आला की त्यात रब्बीची ज्वारी टाका. वसतिगृह ती घेईल."

"कशावरून घेईल?"

खरेदी फक्त खरिपाच्या मालाची मंजूर होती. पण त्या गावात जात राहिल्या. माधवराव दारातूनच वाटेला लावायचे, दुसऱ्या खेपेला आत घ्यायचे, तिसऱ्या खेपेला पुन्हा भांडायचे. अखेर त्यांनी पेरलं. मग मॅडमच्या नांदेडच्या जिल्हा कार्यालयात चकरा सुरू झाल्या. खरेदीची मुदत रब्बीपर्यंत वाढवून द्या, एवढीच मागणी. आज साहेब दौऱ्यावर, उद्या बैठकीत. इकडे ज्वारी गुडघ्याएवढी झाली, पोटरीत आली, आणि परवानगीचा पत्ता नाही. मॅडम वाळत चालल्या होत्या. विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या शब्दावर पेरलंय त्यांनी. माझ्या शब्दाला कोण विचारतंय?"

परवानगी आली तेव्हा हुरडा संपत आला होता. त्याच सुमारास मॅडमची बदली झाली, लातूर जिल्ह्यात जळकोटला. निघताना त्या वसतिगृहावर आल्या. निरोपाचं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "माधवरावांना अधूनमधून फोन करत जा," एवढंच म्हणाल्या. "ते चिडतील. तरी करा."

मी करत राहिले. ते चिडत राहिले. आभाळ भरून आलं की माझं कामात लक्ष लागायचं नाही. बदलून जाताना मॅडम आपली फिकीर माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या.

शिमग्यानंतर माधवराव स्वतः टेम्पोत बसून पोती घेऊन आले. पोत्याचं तोंड सोडून त्यांनी मला ज्वारी दाखवली, पांढरी, टपोरी. पुढच्या वर्षी धोरण चालू राहणार की नाही याचं पत्र तोवर आलेलं नव्हतं, आणि ते त्यांना कसं सांगावं या विचारात मी होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "बाईला फोन लावा."

"जयभीम, ताई. आली का?" मॅडमनी विचारलं.

"आली. माधवरावच घेऊन आलेत."

पलीकडे माणसांचा गलका होता. "मग त्यांच्याकडंच द्या. मी इथं एका गावात याच योजनेची बैठक घेऊन बसलेय. तिकडं काय झालं म्हणून लोक विचारून राहिलेत. माझ्या सांगण्यावर त्यांचा भरवसा न्हाई. मी फोनचा आवाज मोठा करते."

मीही फोनचा आवाज मोठा करून तो माधवरावांच्या हातात दिला. त्यांनी आधी घसा साफ केला.

"रामराम. खरिपाची आमची काळी पडली. बाईनं घेतली न्हाई. मी लई बोललो बाईला, बोलू नये ते बोललो."

"मग पुन्हा पेरली कशाला?" तिकडून कुणीतरी विचारलं.

माधवरावांनी उघड्या पोत्यातली मूठभर ज्वारी उचलली.

"ज्वारी बुडाल्यावर आमच्या गावात कोणी फिरकलं न्हाई," ते म्हणाले. "ही एकटी येत होती. शिव्या खायला."

पलीकडचा गलका थांबला. फोन तुटला की काय म्हणून मी बघितलं. मग लांबून एक आवाज आला, "मॅडमला चहा सांगा रे कोणी."