नंदाने लावलेल्या चपला

एका रविवारी मी आमच्या बोळातल्या चाळीस माणसांना अनवाणी केलं. तसा हेतू नव्हता.

आमची नंदा तेव्हा सात वर्षांची. बोलायची थोडं, बघायची भलतीकडे, आणि दुसरं मूल जवळ आलं की पाठ फिरवून बसायची. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तिला ऑटिझम आहे. पंचाण्णव-शहाण्णवच्या वाईत हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. शेजारच्या शिंदेकाकू काळजीने म्हणाल्या, "मंजी ऑटोत बसाया भ्या वाटतं व्हय पोरीला?"

डॉक्टरीणबाईंनी उपायही सांगितला होता. एका वेळी एकच मूल बोलवा, गोंगाट नको, आणि नंदा जे खेळते त्यातच त्या मुलाला सामील करा. आता मी शाळेत खेळाचा शिक्षक. मला खेळ शिकवणाऱ्या या कोण? (हे मी मनात म्हणालो. बायकोने, सुमनने, तरीही ऐकलं.) दोन वर्षं नंदाला एक मैत्रीण मिळत नव्हती, म्हणून मी एकदम तेवीस मुलं बोलावली. फुगे आणले. संगीतखुर्चीसाठी टेपरेकॉर्डर आणला. त्याचा आवाज पुरेना, म्हणून शाळेतला ताशा आणला. शिट्टी तर गळ्यातच असायची.

"अहो, एकच मूल म्हणाल्या होत्या," सुमन म्हणाली.

"एकाने कुठे खेळ होतो? खो-खोला नऊ लागतात."

शिट्टी वाजली, ताशा कडाडला, तीन फुगे फुटले आणि नंदा कान दाबून बाहेर पळाली. सुमन तिच्यामागे गेली. मी मात्र संगीतखुर्चीत असा रंगलो होतो (आणि जिंकतही होतो), की पोरगी गेल्याचं मला दोन डाव झाल्यावर कळलं.

सुमन दारात आली. "ती बरी आहे. तुम्ही जरा बाहेर या. आणि ओरडू नका."

त्याच दिवशी शिंदेकाकूंकडे सत्यनारायण होता. त्यांच्या पाहुण्यांच्या आणि आमच्या पोरांच्या अशा सगळ्या चपला बोळात होत्या. नंदाने त्या लावल्या होत्या. डाव्या सगळ्या डाव्या भिंतीला, उजव्या सगळ्या उजव्या भिंतीला, लहानापासून मोठ्यापर्यंत, अगदी दोरी धरल्यासारख्या. आणि मध्ये उभी राहून ती स्वतःशीच गुणगुणत होती.

तेवढ्यात प्रसाद घेऊन मंडळी बाहेर आली. पुढे गुरुजी. त्यांना साताऱ्याची गाडी गाठायची होती.

"माझी डावी सापडली," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "उजवी कुठे गेली?"

"आत्ता देतो," म्हणून मी रांगेतली एक चप्पल उचलली. नंदा किंचाळली आणि माझ्या हातातून ओढून ती होती तिथे ठेवली. मी दुसऱ्या टोकाकडून गुपचूप एक उचलली. ती शिंदेकाकांची निघाली, आणि नंदाच्या किंकाळीने घाटावरची कबुतरं उडाली. मग मी घाबरलो. घाबरलो की मी शिट्टी फुंकतो. मी फुंकली. घरातली तेवीस मुलं धावत बाहेर आली आणि बोळाच्या मधोमध सावधानमध्ये उभी राहिली.

नंदाने पुन्हा कान दाबले. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा समजलं, की तिला त्रास देणारी पोरं नव्हती. मी होतो. शिट्टी काढून मी खिशात घातली.

"मास्तर," गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुम्ही बाजूला उभे राहा."

शिंदेकाकूंची नात मंगल, नऊ वर्षांची, नंदाजवळ जाऊन उकिडवी बसली. गुरुजींची डावी चप्पल तिने नंदासमोर नुसती धरली. नंदाने चप्पल पाहिली, सरळ पलीकडच्या रांगेत गेली आणि जोडीची आणून ठेवली. तशाच आणखी चार चपला तिथे होत्या. तरी ही बरोबर गुरुजींचीच.

"हिला समदं ठावं हाय," मंगल हळूच म्हणाली. "आता बंड्या, तू आण. एकानं एकच आणायची. आन् वरडायचं न्हाई."

मुलं डावी आणत, नंदा उजवी. पाचव्या जोडीला ती पुढच्या मुलाची वाट बघू लागली. दहाव्या जोडीला हसली. आणि मग तिने चप्पल जमिनीवर न ठेवता मंगलच्या हातात दिली. तिने दुसऱ्या मुलाच्या हातात काही दिलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. सुमनने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले.

"गुरुजी, तुमची गाडी," मी म्हणालो.

"जाऊ द्या हो," दोन्ही चपला पायात घालून उभे असलेले गुरुजी म्हणाले. "अजून पंधरा जोड राहिलेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात मंगल. मी उठून धावलो. "ये, ये! आज आपण असं करू..."

"काका, नंदा हाय का?"

"आहे ना. मी पण येतो."

मंगलने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमी नगा येऊ. तुमी आलासा की खेळ बिघडतो."

सुमनने आतून लसणाची पाटी माझ्यापुढे सरकवली. अंगणातून दोन मुलींचं हसू ऐकू येत होतं, आणि मी इतका खुशीत होतो, की पंधरा दिवसांचा लसूण एका बैठकीत सोलला. त्यातला निम्मा, सुमन म्हणते, मी सालासकट डब्यात भरला होता.