दम कुठं सुटला

मी दोन संघांकडून खेळायचो आणि दोन्ही संघांचा माझ्यावर विश्वास नव्हता. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या गावासाठी हुतूतू खेळायचो, आणि महाडात शाळामास्तर असल्यामुळे तिथल्या क्रिकेट संघाचा विकेटकीपर होतो. गावच्या संघाचा कॅप्टन माझा थोरला चुलतभाऊ. तो मुंबईला गिरणीत होता, पण सामन्यांसाठी रजा काढून यायचा. महाडच्या संघाचे कॅप्टन एक वकील होते. भावाला वाटे, मी महाडसाठी अंग राखून खेळतो. वकील म्हणत, "एक दिवस तुझे गाववालेच तुला निकामी करून पाठवतील."

त्या हिवाळ्यात दासगावला हुतूतूचा शेवटचा सामना शनिवारी दुपारी होता आणि महाडात क्रिकेटचा सामना रविवारी सकाळी. दासगावला अगदी शेवटी आम्हाला एक गडी मारायचा राहिला होता. शेवटची चढाई भाऊ नेहमी स्वतः करायचा. त्या दिवशी त्यानं मला पुढं केलं.

मी आत शिरलो, कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि वळलो. तेवढ्यात कुणीतरी घोटा धरला. मी पडलो तो उजव्या हातावरच. करंगळीशेजारचं बोट काटकी मोडावी तसं वाजलं. मधली रेघ वीतभर राहिली होती, तिथंच माझा दम सुटला. आम्ही हरलो.

भाऊ जवळ आला. "काय रे, थांबलास का?"

"दम संपला."

"तुझा? आपल्या डोंगरातला कुडपणचा चढ तू बोलत बोलत चढतोस!" मग त्यानं माणसांच्या गर्दीकडं बोट दाखवलं. "तो कोटवाला कोन हाय? मघापासून तुझ्याकडंच बघतोय."

ते वकील होते. मला पाहायला मुद्दाम आले होते. बोट मोडलंय हे त्यांना कळलं असतं तर उद्या मला खेळवलं नसतं. मी हात चड्डीच्या खिशात घातला आणि भावाला काहीच सांगितलं नाही.

रविवारी पहाटे मी महाडजवळच्या सव गावी गेलो आणि तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवून बसलो. सूज थोडी उतरल्यासारखी वाटली. आमच्या गावचा एकजण तिथं अंघोळीला आला होता. त्यानं मला पाहिलं, पण हाक मारली नाही.

मैदानावर वकिलांनी माझा हात पाहिला. "काय झालं?"

"दारात सापडला."

"कुठल्या दारात?"

मी ग्लोव्ह चढवला. तिसऱ्याच षटकात सोपा झेल सुटला. वकील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझ्या भावानं शेवटच्या चढाईला तुलाच का पाठवलं, विचार कर."

मी विचार केला. सांगायला लाज वाटते, पण भावानं मला मोडायलाच पुढं केलं, हे मला पटलं.

जेवणाच्या सुट्टीत पाहतो तर भाऊ झाडाखाली उभा. कुंडावरच्या माणसानं त्याला सांगितलं होतं की मी मजेत अंघोळ करत होतो.

"काढ तो ग्लोव्ह," तो म्हणाला.

मी काढला. बोट काळंनिळं झालं होतं.

"कालच मोडलं?"

"हो."

"मग काल का नाय बोललास?"

वकील शेजारीच उभे होते. तरी मी खरं ते बोललो. "आज खेळायचं होतं म्हणून."

भावानं बांबूची कामटी शोधून आणली, उपरण्याची पट्टी फाडली आणि बोट बांधून दिलं. "दम बोटामुळं सुटला का आजच्या मॅचच्या काळजीनं, तुझं तुला ठावं," म्हणाला आणि एसटी गाठायला निघून गेला. दुपारी वकिलांनी विकेटमागं दुसऱ्याला उभं केलं.

पुढची चार वर्षं मी दोन्ही खेळ खेळलो. क्रिकेटमध्ये पुन्हा विकेटमागं उभा राहिलो नाही. गावच्या संघात शेवटची चढाई पुन्हा माझ्याकडं आली नाही.

भावानं खेळ सोडला त्या वर्षी मी त्याला विचारलंच, "दासगावला मला का पाठवलंस?"

"माझा गुडघा गेलेला," तो म्हणाला. "पळायला येत नव्हतं. मी तरी कुठं कोनाला सांगितलं?"

त्यानं हे सांगितलं तेव्हासुद्धा, खरं बोलतोय का म्हणून, मी आधी त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं.