तोंडवलीची माशीकाकी

सर्व लहानथोरांस कळवण्यात येते की, तोंडवलीच्या आमच्या वाडीत एके काळी एक स्वतंत्र सरकार होते. दिल्लीचे नव्हे आणि मुंबईचेही नव्हे. हे सरकार नऊवारी नेसत असे, त्याच्या हातात हिरांची केरसुणी असे आणि त्याचा कायदा एकाच कलमाचा होता: उंबऱ्याच्या आत माशी येता कामा नये. वाडी या सरकारला माशीकाकी म्हणे. तोंडावर मात्र नुसते काकी, कारण केरसुणी लांब होती.

स्वातंत्र्य येऊन दहाबारा वर्षे झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन त्या वाडीत आले. चौथ्याच दिवशी मागच्या दारी बांगडे नीट करत बसले होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "गो चेडवा, आज माशीचा लगीन आसा काय?"

"नाय काकी," मी घाबरून म्हणाले.

"मगे आवतान कित्याक दिलंस? आता पाट मांड, पानां वाढ!"

माझी शाळा तिथूनच सुरू झाली. मासळी नीट करायची ती समुद्रावर, भरतीच्या पाण्यात, घरी आणायची ती धुतलेली. चुकून घरी केलीच तर खवले आणि आतडी माडाच्या मुळाशी हातभर खोल पुरायची, वर राख. जेवण झाले की खरकटे लगेच उचलून जमिनीवरून शेणाचा हात फिरवायचा. खिडकीला निगडीचा पाला टांगायचा आणि तिन्हीसांजेला कडुलिंबाचा धूर. भांडी पुसायचे फडके राखेच्या पाण्यात उकळायचे. मी एकदा विचारले, "रोज?" काकीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी रोज अंघोळ करायची का, असे विचारले होते.

एक गोष्ट ती कधीच करत नसे. माशी मारत नसे. माझ्या सासूबाई चप्पल घेऊन माशीमागे धावत, तेव्हा काकी कुंपणाला टेकून तमाशा बघे. "मारून काय व्हताला? एक मारशीत, धा मयताक येतीत. तिका खावक देव नको. उपाशी ऱ्हवली की आपसूक वाट धरता."

हे बोलताना ती हसायची. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

काकीच्या घरची एकेकाळी मोठी होडी होती. किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडत, तेव्हा ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरी पहिला वाटा काकीच्या हातचा जाई. मग एका वर्षी काका आणि एकुलता मुलगा त्याच होडीतून गेले, आणि ना ते दोघे परत आले ना होडी. त्यानंतर वाडीने तिच्याकडे वाटा पाठवला. तिने तो आल्या पावली परत केला. "ज्या हातान वाटे वाटलंय, तो हात मी पसरूचंय नाय." ती लोकांची जाळी विणून देई. पण आगोटीला, पावसाच्या तोंडावर, होड्या माडाच्या झापांखाली गेल्या की जाळी विणायचे कामही बंद.

अशाच एका पावसाळ्यात मी तिच्या स्वयंपाकघरात गेले होते. फळीवर पाच मडकी ओळीने, प्रत्येकाच्या तोंडाला पांढरे स्वच्छ फडके बांधलेले. काकी विहिरीवर होती. ती फडके इतके घट्ट कसे बांधते ते बघावे म्हणून मी एक सोडले. आत काही नव्हते. दुसरे सोडले. तेही रिकामे. पाचव्यात मूठभर उकडे तांदूळ होते. चुलीतली राख गार पडून पिठासारखी बसली होती. मी फडकी जशीच्या तशी बांधली आणि पळत घरी आले.

सासूबाई नारळ खवत होत्या. मी सांगितले. त्यांनी मान वर केली नाही.

"माका म्हायत आसा. भायर बोललंस तर बघ. तिका कळला की वाडीक म्हायत झाला, तर ती जीव देईत."

दुसऱ्या दिवशी त्या कालवणाचे मडके घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. "वैनी, आमच्या घरात माशी लय झाली हा. ह्या कालवण सांजेपर्यंत तुझ्याकडे ऱ्हवांदे. आनि जरा मीठ बघ गो, माझी जीब मेली."

"ठेय," सरकारने हुकूम दिला. "पण आधी पाय धू."

मग हे रोजचेच झाले. कालवण जाई, भाकऱ्या जात, पेज जाई. संध्याकाळी मडके परत येई, तेव्हा निम्म्याहून जास्त मीठ बघून झालेले असे. सासूबाई अर्ध्याअधिक रिकाम्या मडक्यात डोकावून खूश होत. महिन्याभरात काकीच्या गालांवर जरा मांस आले.

पण काकी काही खुळी नव्हती. एके दिवशी कुंपणावरून आमच्या घरात तिने बराच वेळ पाहिले. "तुमच्याकडे आता माशी खंय आसा? तुझ्या सुनेक मीयाच शिकयलंय मां? मगे तुझा कालवण हंय कित्याक?" त्या दिवशी मडके न चाखता परत आले. दुसऱ्या दिवशी तिने ते घेतलेच नाही.

सासूबाईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "फणसाची सालां-चारकांडां मागच्या दारात टाक. खाडीतल्या माशाची आतडीय थंयच. आनि राख टाकू नको."

मी आज्ञाधारक सून. सगळ्या कोकणात सासूच्या हुकमावरून घर घाण करणारी मी एकटीच असेन. आठवड्याभरात आमच्याकडे अशी माशी झाली, की भाताचे पान काळे दिसे. काकी कुंपणाशी आली, बघितले आणि कपाळाला हात लावला. "हाड मेल्यांनो! आन हंय ता मडका!" सासूबाईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. इतक्या आनंदात मी त्यांना नंतर कधी पाहिले नाही.

मी मडक्याला फडके बांधून नेत असे, काकीने शिकवले होते तसेच, घट्ट. पण माशी त्याआधीच बसून गेलेली असे.

श्रावणात वाडीत हगवण आली. आमच्या घरात सगळेच पडलो आणि उठलोही. अंगात ताकद होती. काकीच्या अंगात महिन्याभराच्या मिठाएवढीच ताकद. ती तिसऱ्या दिवशी उठायची थांबली. तशाही अवस्थेत मला म्हणाली, "चेडवा, तुमच्या परसात माशी झाली हा गो. राख टाक. पोरांबाळांचा घर."

आरोग्य खात्याचा माणूस विहिरीत पावडर टाकायला आला. आमच्या मागच्या दारी थबकला. "बाई, सगळ्या वाडीला रोग इथून जातोय. हे कोणी टाकलं?" त्याच संध्याकाळी मी आणि सासूबाईंनी ते सगळे हातभर खोल पुरले आणि वर राख घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी गेली.

तिला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ठेवले होते. वाडीतल्या बायका जमल्या. कोणी पाणी आणायला आत जाऊ लागली की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या होत, "आत कोणी जावचा नाय." ती पाच मडकी त्यांना कोणाला बघू द्यायची नव्हती. इतके त्यांच्या हातात उरले होते, आणि ते त्या जिवाच्या आकांताने सांभाळत होत्या.

तेवढ्यात काकीच्या ओठावर एक माशी बसली. कोणीतरी पदराने हाकलली. ती पुन्हा बसली. एक म्हातारी उसासा टाकून म्हणाली, "जल्मभर माशीवांगडा भांडली, आनि शेवटाक माशीनच नेली. हिच्या घरात खंयसून इली गो ही माशी?"

सासूबाई दार सोडून पुढे आल्या आणि सगळ्या वाडीदेखत ओरडल्या, "मीयाच पाळलंय गो ती! हिच्या पोटात दोन घास जावचे म्हणान पाळलंय!"