स्कूटरची मूठ लावलेलं विमान

कऱ्हाडहून मी चेन्नईला नोकरीला गेले तेव्हा नुंगंबाक्कममध्ये एका जुन्या घराची माडी भाड्यानं मिळाली. घरमालक मराठी आहेत एवढं एजंटानं सांगितलं होतं. विमानाबद्दल तो काही बोलला नव्हता.

फाटक उघडून आत गेले तर गाडीच्या शेडमध्ये नळ्यांचा एक लांबट सांगाडा उभा होता. त्याला दोन छोटी चाकं होती, आत दोन खुर्च्या होत्या. मी बॅग हातात धरून तिथंच थबकले. मागून घरमालकांचा आवाज आला, "काय पाहालीस ग?"

'काय बघतेस' असं त्यांना म्हणायचं होतं. तंजावरकडची त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात राहिलेली, त्यामुळे हेल पार वेगळा. मला नीट समजायला महिनाभर गेला. गल्लीतले सगळे त्या नवरा-बायकोला मामा-मामी म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एका फ्लाइंग क्लबनं मोडीत काढलेलं दोन माणसांचं विमान त्यांनी लिलावात घेतलं होतं आणि ट्रकवर घालून घरी आणलं होतं. त्याचा एक पंख हॉलमधून थेट जेवणघरात गेला होता. मामी पानं घ्यायच्या त्या पंखाला वळसा घालून.

इरुंगाट्टुकोट्टैच्या ज्या कारखान्यात मी होते तिथं आम्ही मोटारींचे क्लचचे आणि ब्रेकचे पेडल बनवत होतो. कंपनीची बस संध्याकाळी मला कोपऱ्यावर सोडायची, आणि घरी आले की मी आधी शेडमध्ये डोकावायची. आज काय उघडलं, काय बसवलं, हे बघितल्याशिवाय वर जाववत नसे. विमान इतकं साधं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पोलादी नळ्या, लाकडी फासळ्या, तारा, आणि सगळ्यावर चढवलेलं कापड. मी मामांना विचारलं, "हे कापड वाऱ्यानं फाटत नाही?" ते म्हणाले, "लावून झालं म्हणजे बोट मारून बघ."

एके दिवशी त्यांनी मला पायाचे पेडल दाखवले. विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायला ते लागतात. मामा म्हणाले, "तू पेडलची इंजिनिअर. हे काम हातानं व्हावं असं काही करता येईल?"

"पण पाय असताना हात कशाला?"

"मला नको. मी कुठं उडवतोय? मला पाण्याच्या टाकीवर चढायलासुद्धा भय." त्यांनी स्वैपाकघराकडे मान केली. "तिला."

मामींचा उजवा पाय अधू होता. घरात त्या काठी घेऊन चालायच्या, बाजारात स्कूटरवरून जायच्या. मागच्या चाकाशेजारी दोन जादा चाकं लावलेली ती स्कूटर मी रोज बघत होते. पण मामी आणि विमान यांची सांगड मी घातलीच नव्हती.

सगळी हकिगत मला कळली ती पंख शिवताना. पंख आडव्या कडेवर उभा करून त्यावर कापड चढवलं होतं. आता ते प्रत्येक फासळीला दोऱ्यानं बांधायचं होतं. एका बाजूला मी, पलीकडे मामी. मी वीतभराहून लांब सुई आरपार घालायची, त्यांनी ती ओढून परत माझ्याकडे सारायची. मध्ये कापड, त्यामुळे एकमेकींचा चेहरा दिसत नव्हता. त्यामुळेच की काय, मी विचारलं, "मामी, तुम्ही खरंच विमान चालवलं होतं?"

"हो तर. कॉलेजात होते तेव्हा. वडलांनी क्लबात घातलं." सुई आली. "एकटीनं उडालेसुद्धा. मास्तर उतरून बाजूला झाले नि म्हणाले, जा. शेजारची खुर्ची रिकामी. विमान इतकं हलकं लागलं, वर उडीच मारली त्यानं."

"भीती वाटली?"

"उतरायची वेळ आली तेव्हा वाटली." सुई गेली, आली. "मग लग्नाआधी रिक्षा उलटली. पाय वाचला, पण जोर गेला. ह्यांना मी पहिल्या भेटीतच सांगितलं, मला चालता येतं, विमान नाही चालवता येत. हे हसले नाहीत. विचारलं, पायानं नेमकं काय करावं लागतं?"

एवढ्या वर्षांपूर्वी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मामा निवृत्तीनंतर शेडमध्ये शोधत होते.

मी दोन खुर्च्यांच्या मध्ये एक उभा दांडा बसवला. पुढं ढकलला की नाक डावीकडे, मागं ओढला की उजवीकडे. पेडल तसेच ठेवले, नुसते त्याला जोडले. मी खूश होते. मामी आत बसल्या, डोळे मिटले, डाव्या हातात विमानाचा मुख्य दांडा, उजव्यात माझा. मग डोळे उघडून म्हणाल्या, "सरी, ठीक. आणि इंजिन कमी-जास्त कोण करणार? तिसरा हात?"

आठवडाभर मी बसमध्ये कागदावर रेघोट्या मारत होते. मग एका रविवारी मामी बाजारातून परत आल्या, फाटकातच स्कूटर थांबवली आणि मला हाक मारली. उतरल्याच नाहीत. उजव्या हाताची मूठ पिळत म्हणाल्या, "हे बघ. मी रोज हेच तर करते."

स्कूटरची ॲक्सिलरेटरची मूठ! ब्रेकचा लिव्हरसुद्धा तिथंच. दांड्याच्या डोक्यावर ती आडवी बसवली की एका हातात वळणं, इंजिन, ब्रेक, सगळं आलं. मामा त्याच दुपारी जुन्या बाजारातून एक मूठ घेऊन आले. तिच्यात एकच खोट निघाली. सोडली की ती स्प्रिंगनं मागं यायची. "वेंडाम, असं नको," मामी म्हणाल्या, "हात काढला म्हणून इंजिन मंद पडलं तर मी खाली येईन." आम्ही स्प्रिंग काढून चामड्याचा घट्ट वायसर घातला. मूठ ठेवाल तिथं राहू लागली.

कापडावर लाख द्यायचं काम पोंगलनंतर काढलं. चेन्नईची हवा ओली. ओल्या हवेत ती लाख वाळताना पांढुरकी पडते, पहिला हात असाच फुकट गेला होता. कोरडी सकाळ बघून आम्ही पुन्हा दिला. घरभर नेलपॉलिशसारखा वास, सांबारालाही तोच. पण ढिलं कापड वाळता वाळता ताणलं जाताना बघणं मला फार आवडायचं. मी बोट मारलं. मृदंगासारखं वाजलं.

फ्लाइंग क्लबमधले एक निवृत्त शिक्षक विमान तपासायला येऊ लागले होते; मामी त्यांनाही मास्तरच म्हणायच्या. उडवायची परवानगी मिळायला वेळ होता, म्हणून त्यांनी शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर नुसतं पळवून बघायची सोय केली. मामी डावीकडे, शिक्षक उजवीकडे. मामा आणि मी कडेला.

पहिल्या खेपेला विमान सापासारखं वळवळत गेलं. दुसऱ्या खेपेला सरळ. तिसऱ्या खेपेला वेग वाढला आणि शेपूट उचललं. विमान जमिनीला समांतर झालं, पुढच्या दोनच चाकांवर पळू लागलं. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग इंजिनाचा आवाज उतरला, शेपूट हळूच खाली टेकलं.

मामी परत आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. मी विचारलं, "काय झालं शेवटी?"

"उडालं असतं," त्या म्हणाल्या. "हातात कळतं. मीच नको म्हटलं त्याला."

वर्षभरानं परवानगी आली, पण आमचा दांडा काढून ठेवायच्या अटीवर. विमानात असा फेरफार मंजूर व्हायला नव्यानं नकाशे आणि चाचण्या लागणार होत्या. मी तोवर पुण्याला बदलून आले होते. वाटलं, मामी आता नाद सोडतील. त्यांचाच फोन आला.

"उडाले ग मी! मास्तरांना सांगितलं, पाय तुमचे, हात माझे. समुद्रापर्यंत जाऊन आलो."

मी प्रश्नांची सरबत्ती लावली. वरून घर दिसलं का, किती वेळ होता, उतरवलं कुणी?

"उतरवलं आम्ही दोघांनी. भांडत भांडत. त्यांचा पाय उशिरा पडतो." मग आवाज बदलला. "ते नकाशे तू काढशील ना? दांड्याचे? ह्यांना रेघ सरळ येत नाही."

मागून मामांचा निषेध ऐकू आला. मी पेन शोधायला लागले आणि मामींना म्हटलं, "आधी मामांना मुठीपासून दांड्याच्या मधल्या सांध्यापर्यंतचं माप घ्यायला सांगा."