मुधोळ मी निवडला होता

गॅसवर नाचणीची पेज रटरटली, की त्या वासाने मी थेट जे. पी. नगरच्या आमच्या अंगणात जाते. नव्वदीच्या दशकात बाबांना राखणीला अल्सेशियन हवा होता. हट्टाने मुधोळ कुत्रा निवडला तो मी, रोज त्याला पेज घालायचे तीही मीच. झोपायचा मात्र धाकट्या नीलूच्या पायाशी. एकदा मी तिच्यावर हात उगारला, तर तो माझ्यावरच गुरगुरला. शेजारच्या अक्का हसल्या, "सरी, राखणदार चांगला निवडलास!" माझा नुसता जळफळाट झाला.

परवा फोनवर नीलूला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, तू पुण्याला कॉलेजला गेलीस, तेव्हा चार दिवस त्याने पेजेला तोंड लावलं नाही. मला इतका हेवा वाटला, की तुला कळवलंच नाही."